पिकअपवाल्यांची भाऊबंदकी

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातले एडिसन हे गाव तिथल्या मोठ्या भारतीय वस्तीमुळे आपल्याकडच्या बऱ्याच घरांत ओळखीचे आहे. त्याच गावात फोर्ड कंपनीचा एक जुना कारखाना होता, तो २००४ मध्ये बंद झाला. बंद होण्याआधी जवळपास दहा वर्षे या कारखान्यातून दोन नावांच्या पिकअप बाहेर पडत होत्या. एकीचे नाव फोर्ड रेंजर, दुसरीचे माझदा बी-सिरीज. चासी एक, इंजिने तीच, गिअरबॉक्स तोच आणि जोडणी करणारे कामगारही तेच. समोरची जाळी, काही पत्रे आणि बोधचिन्ह बदलले, की एक गाडी फोर्डच्या दुकानात जायची आणि दुसरी माझदाच्या. माझदा घेणारा जपानी काटेकोरपणावर विश्वास टाकून पैसे मोजायचा, रेंजर घेणारा अमेरिकी दणकटपणावर.

त्याआधीच्या पिढीत हाच व्यवहार उलट्या दिशेने चालला होता. १९७२ मध्ये फोर्डने ‘कुरियर’ नावाची छोटी पिकअप बाजारात आणली, ती जपानमध्ये माझदाने बनवलेली होती. त्याच वर्षी शेवरले कंपनीने ‘लव्ह’ ही पिकअप आणली, ती इसुझूची होती. म्हणजे अमेरिकी नावाची गाडी जपानी असू शकत होती आणि जपानी नावाची अमेरिकी.

तरीही आज अमेरिकेत मध्यम आकाराच्या पिकअपचे मालक जितक्या त्वेषाने आपल्या कंपनीची बाजू घेतात, तितके साध्या मोटारींचे मालक क्वचितच घेतात. टोयोटा टॅकोमावाला निसान फ्रंटियरकडे बघून नाक मुरडतो, शेवरले कोलोराडोवाला टॅकोमाच्या किमतीवर बोट ठेवतो, आणि हे सगळे मिळून होंडा रिजलाइनवाल्याला विचारतात, की ही पिकअप म्हणायची तरी कशी? आपल्याकडे बांधावरून होणारी भांडणे बहुतेक वेळा चुलत भावांत होतात, कारण जमीन एकाच वाटणीतून आलेली असते. पिकअपवाल्यांचे भांडण त्याच जातीचे आहे. या निष्ठेची मुळे कुठे आहेत, तिच्यामुळे मालकाचे काय भले होते आणि ती कुठे घातक ठरते, हे या प्रकरणात पाहू.

मध्यम म्हणजे केवढी?

अमेरिकेचे ‘मध्यम’ आपल्या डोळ्यांना मोठेच दिसेल. चार दरवाजांची टॅकोमा सुमारे ५.४ मीटर लांब असते. हौद्यात आणि केबिनमध्ये मिळून साधारण सहा-सातशे किलो भार ती घेते आणि मागे जोडलेला तीन टनांच्या आसपासचा ट्रेलर ओढते. फोर्ड एफ-१५० सारख्या पूर्ण आकाराच्या पिकअप याहून बऱ्याच मोठ्या असतात. मध्यम पिकअप घेणारा माणूस आठवडाभर ती कामावर नेतो, शनिवारी तिच्यात लाकूड किंवा सायकली भरतो आणि रविवारी डोंगरातल्या कच्च्या वाटेवर घालतो. पोटाचे साधन आणि हौस या दोन्ही गोष्टी एकाच गाडीत असल्यामुळे मालकाचे तिच्याशी नाते घट्ट होते.

या गटाचा इतिहास बराचसा टॅकोमाभोवती फिरतो. टोयोटाची हायलक्स जगभर विकली जात असताना कंपनीने १९९५ मध्ये अमेरिकेसाठी टॅकोमा ही वेगळी गाडी आणली. तिच्या पिढ्या २००५, २०१६ आणि २०२४ या मॉडेल-वर्षांत बदलल्या. २०१९ मध्ये अमेरिकेत जवळपास अडीच लाख टॅकोमा विकल्या गेल्या. त्याच वर्षी कोलोराडोचा आकडा सव्वा लाखाच्या जवळ होता आणि नुकत्याच परतलेल्या रेंजरचा नव्वद हजारांच्या आसपास. एक गाडी इतकी पुढे असली, की बाकीच्या सगळ्यांची ओळख तिच्याशी तुलना करूनच ठरू लागते.

कोंबड्यांवरून बसलेला कर

या बाजारात स्पर्धक मोजकेच का, याचे उत्तर साठ वर्षांपूर्वीच्या एका भांडणात आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतून स्वस्त कोंबड्या युरोपात जाऊ लागल्या. तिथल्या शेतकऱ्यांना वाचवण्यासाठी पश्चिम जर्मनी, फ्रान्स आणि त्यांच्या शेजारी देशांनी आयात कर वाढवला. बोलणी फिसकटली. डिसेंबर १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी उलट वार केला आणि परदेशी हलक्या ट्रकांवर २५ टक्के कर बसवला. रोख फोक्सवॅगनच्या गाड्यांवर होता. त्याच आदेशात बटाट्याचा स्टार्च आणि ब्रँडीवरही कर होता. ते कर पुढे उठले, पण ट्रकांवरचा कर राहिला आणि ‘चिकन टॅक्स’ याच नावाने आजही ओळखला जातो.

कंपन्यांनी त्यातून पळवाटा शोधल्या. हौदा न जोडलेली, नुसती चासी आणि केबिन असलेली गाडी आणली तर कर ४ टक्केच लागे, म्हणून कुरियर आणि लव्ह तशा आणून अमेरिकेत हौदा बसवला जाई. १९८० मध्ये ही वाट बंद झाली. सुबारूने तर ‘ब्रॅट’ या छोट्या पिकअपच्या हौद्यातच मागे तोंड केलेल्या दोन खुर्च्या बसवल्या, म्हणजे कागदोपत्री ती प्रवासी गाडी ठरे. कराचा दीर्घकालीन परिणाम असा झाला, की अमेरिकेत पिकअप विकायची तर कारखाना उत्तर अमेरिकेतच हवा. ज्यांना ते जमले ते चार-सहा स्पर्धक उरले. थोडे खेळाडू आणि मोठा खेळ असला की बाजू घेणे सोपे होते.

निष्ठा कुठून येते?

जाहिरातींमुळे लोक भुलतात, हे नेहमीचे उत्तर. त्यात थोडेच तथ्य आहे. १९५७ मध्ये डॅनुटा एर्लिक आणि तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत नवी मोटार घेतलेल्या लोकांचा अभ्यास केला. हे लोक घरी येणाऱ्या वर्तमानपत्रांत आणि मासिकांत कोणत्या मोटारींच्या जाहिराती वाचतात, हे त्यांनी तपासले. लोक आपण घेतलेल्या गाडीच्या जाहिराती सर्वांत जास्त वाचत होते. खरेदी करताना ज्या इतर गाड्या मनात होत्या आणि मागे पडल्या, त्यांच्या जाहिराती त्यांनी तितक्या वाचल्या नाहीत. जाहिरात वाचून गाडी घेतली असे आपण समजतो. इथे गाडी घेऊन झाल्यावर माणूस जाहिरात वाचत होता, कारण आपला निर्णय बरोबर होता असे त्याला कुणाकडून तरी ऐकायचे होते. लिऑन फेस्टिंगर यांनी त्याच वर्षी मांडलेल्या सिद्धान्ताला यातून बळ मिळाले. दोन जवळपास सारख्या गोष्टींतून एक निवडली की मनात रुखरुख राहते, आणि ती शमवण्यासाठी माणूस निवडलेल्या गोष्टीचे गुण मोठे करतो व सोडलेल्या गोष्टीचे दोष. दोन गाड्या जितक्या सारख्या, तितकी रुखरुख जास्त. चाळीस-पन्नास हजार डॉलर मोजलेल्या माणसाला शेजारच्याची पिकअप वाईटच वाटावी, यात नवल नाही.

दुसरे मूळ घरात आहे. अमेरिकेत १९६८ पासून त्याच कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्या माहिती गोळा करणारी एक मोठी पाहणी चालू आहे. तिच्या आधारे काही अर्थतज्ज्ञांनी २०१५ मध्ये दाखवून दिले, की आई-वडिलांनी ज्या कंपनीची मोटार घेतली तीच घेण्याकडे मोठ्या झालेल्या मुलांचा स्पष्ट कल असतो. कुटुंबाची ऐपत आणि राहण्याची जागा यांतून हा कल पुरता उलगडत नाही. पिकअपच्या बाबतीत हे समजायला सोपे आहे. मुलगा गाडी चालवायला शिकतो तो वडिलांच्या पिकअपवर, आणि पहिल्यांदा तेल बदलतो तेही तिच्याच खाली झोपून. त्या गाडीचे पाने कुठे बसतात, ती थंडीत कशी सुरू होते, हे त्याच्या हातांना आधीच माहीत असते.

तिसरे मूळ रोख हिशोबाचे आहे. टॅकोमाची जुनी गाडीही अमेरिकेत चढ्या भावाने विकली जाते. पाच वर्षे वापरून विकली तरी बरीच रक्कम परत मिळते, म्हणून पुन्हा टॅकोमाच घेतली जाते. इथे भावना आणि शहाणपण एकाच बाजूला असतात. मात्र या भावात मालकांच्या श्रद्धेचाही हात आहे. ही गाडी टिकते असे सगळे मानतात म्हणून तिला भाव येतो, आणि भाव येतो म्हणून सगळ्यांना तसे वाटत राहते.

चौथे कारण आकडेशास्त्राचे आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. विल्यम मॅकफी यांनी १९६० च्या दशकात एक गोष्ट नोंदवली आणि ब्रिटिश संशोधक अँड्र्यू एरनबर्ग यांनी ती अनेक बाजारांत तपासली. लहान नावांना ग्राहक तर कमी असतातच, पण असलेल्या ग्राहकांची निष्ठाही मोठ्या नावांच्या तुलनेत थोडी कमी असते. मोठ्या नावाची गाडी प्रत्येक गावात दिसते, तिचा मेकॅनिक सापडतो, सुटे भाग मिळतात, हौद्यावर बसवायचे टप आणि जाळ्या आधी तिच्याच मापाच्या निघतात. तेव्हा टॅकोमावाल्यांची निष्ठा अधिक दिसते, यात त्यांच्या गाडीच्या गुणांइतकाच तिच्या संख्येचाही वाटा आहे. फ्रंटियर आवडीने जपणारा माणूस कमी प्रेमळ नसतो, त्याची माणसे थोडी असतात इतकेच.

आपले आणि त्यांचे

आपल्या गाडीवर प्रेम असणे एक, आणि दुसऱ्याच्या गाडीचा राग येणे दुसरे. पहिल्यातून दुसरे कसे निघते, याचा शोध हेन्री ताजफेल यांनी घेतला. पोलंडमध्ये जन्मलेले हे ज्यू गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात होते. ते जर्मनांच्या हाती पडले आणि युद्धकैदी म्हणून वाचले, पण घरी परतले तेव्हा त्यांचे जवळजवळ सगळे कुटुंब मारले गेले होते. माणसे ‘आपले’ आणि ‘परके’ अशी रेघ कशी ओढतात, हा त्यांच्यासाठी निव्वळ पुस्तकी प्रश्न नव्हता.

१९७० च्या सुमारास त्यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांवर प्रयोग केले. मुलांना पॉल क्ले आणि वासिली कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रे दाखवून, आवडीनुसार दोन गट पाडले आहेत असे सांगितले. प्रत्यक्षात गट चिठ्ठ्या टाकाव्या तसे पाडले होते. गटात कोण आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते, आणि स्वतःला पैसे मिळणार नव्हते. तरीही पैसे वाटायची वेळ आली तेव्हा मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. त्याहून महत्त्वाचे हे, की दोन्ही गटांना भरपूर मिळेल असा पर्याय समोर असताना अनेकांनी आपल्या गटाला कमी मिळेल असा पर्याय घेतला, कारण त्यात दुसऱ्या गटाला आणखी कमी मिळत होते. फायद्यापेक्षा फरक प्यारा ठरला.

पिकअपच्या जगात हे रोज दिसते. २००१ मध्ये अल्बर्ट म्युनिझ आणि टॉमस ओग्विन यांनी फोर्ड ब्रॉन्को, मॅकिंटॉश संगणक आणि साब मोटारी यांच्या चाहत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा समूहांची तीन लक्षणे त्यांनी सांगितली: आपण एका जातकुळीचे आहोत ही जाणीव, ठरावीक चालीरीती, आणि एकमेकांना मदत करण्याचे कर्तव्य. जीपवाल्यांत ही तिन्ही ठळक दिसतात. समोरून जीप आली की हात वर करायचा, ही त्यांची जुनी रीत. २०२० मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात एका जीपमालक बाईने अनोळखी जीपवर रबरी बदक ठेवले आणि ती नवी चाल पडली. आता अनेक जीपगाड्यांच्या काचेमागे बदकांची रांग असते. २०२० च्या मॉडेलपासून आलेली ग्लॅडिएटर ही जीपची पिकअप या घराण्यात जन्मतःच सामील झाली.

रिजलाइनची गोष्ट उलटी आहे. बहुतेक पिकअपमध्ये खाली पोलादी शिडीसारखी चासी असते आणि तिच्यावर केबिन व हौदा वेगवेगळे बसवतात. होंडाने २००५ मध्ये आणलेल्या रिजलाइनमध्ये मोटारीप्रमाणे चासी आणि शरीर एकजीव होते. त्यामुळे ती रस्त्यावर शांत आणि स्थिर चालते, मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन मिळते आणि हौद्याच्या तळाखाली कुलूप लावता येणारी डिकी बसते. तिला दोनदा, २००६ आणि २०१७ साली, उत्तर अमेरिकेतला वर्षातल्या सर्वोत्तम ट्रकचा सन्मान मिळाला. तरी ‘ही खरी पिकअप नव्हे’ हा शिक्का पुसला गेला नाही. जड ट्रेलर ओढणे आणि खडकाळ वाटेवर पिळवटणे यांत शिडीची चासी सरस आहे, हे खरे. पण बहुतेक मालकांची बहुतेक कामे रिजलाइन सहज करते. तिच्यावरचा राग गाडीच्या कामापेक्षा समूहाच्या वेशीशी जास्त निगडित आहे. आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवायला प्रत्येक समूहाला कुणीतरी वेशीवरचा लागतो, आणि ती जागा रिजलाइनला मिळाली.

वैराचे विष

या वैराकडे खेळकर नजरेने पाहता येते, पण त्याचा एक काळा अध्याय विसरता कामा नये. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर कमी इंधनात चालणाऱ्या जपानी गाड्या अमेरिकेत खपू लागल्या आणि डेट्रॉइटच्या कारखान्यांतून कामगार कपात सुरू झाली. कामगार संघटनांच्या वाहनतळांवर परदेशी गाड्यांना बंदीचे फलक लागले. जून १९८२ मध्ये डेट्रॉइट परिसरात व्हिन्सेंट चिन या २७ वर्षांच्या तरुणावर क्रायस्लरचा एक पर्यवेक्षक आणि त्याचा कामावरून कमी झालेला सावत्र मुलगा यांनी हल्ला केला. त्यांनी त्याला बेसबॉलच्या दांडूने मारले. चार दिवसांनी तो मरण पावला. त्याचे लग्न तोंडावर आले होते. तो चिनी वंशाचा अमेरिकी होता, जपानशी त्याचा काही संबंध नव्हता. मारेकऱ्यांना तीन वर्षांची निगराणी आणि प्रत्येकी तीन हजार डॉलर दंड एवढीच शिक्षा झाली. त्या निकालाने आशियाई वंशाचे अमेरिकी लोक हक्कांसाठी एकत्र आले.

त्याच वर्षापर्यंत फोर्ड आणि शेवरलेच्या दुकानांत जपानी बनावटीच्या कुरियर आणि लव्ह विकल्या जात होत्या. म्हणजे ज्या चिन्हाच्या नावाने राग पेटला, त्या चिन्हाखालची गाडी कुणी बनवली हे पाहायला कुणी थांबले नव्हते. आजही चित्र फारसे सरळ नाही. टॅकोमा २०२१ पासून पूर्णपणे मेक्सिकोत बनते. होंडा रिजलाइन अलाबामा राज्यातल्या लिंकन इथे आणि निसान फ्रंटियर मिसिसिपीतल्या कँटन इथे अमेरिकी कामगार बनवतात. देशभक्ती बोधचिन्हावरून मोजायला गेले तर हिशोब चुकतो, आणि चुकलेल्या हिशोबाची किंमत कधी कधी निरपराध माणूस मोजतो.

कंपनी गेली, निष्ठा उरली

ऑस्ट्रेलियात हीच भाऊबंदकी पराकोटीला गेली होती. तिथे पिकअपला ‘यूट’ म्हणतात. अनेक दशके देश होल्डन आणि फोर्ड अशा दोन छावण्यांत वाटला गेला होता, आणि बाथर्स्टच्या डोंगरावरच्या शर्यतीत हे युद्ध दरवर्षी रंगायचे. १९९२ मध्ये तिथे पावसाने शर्यत थांबली आणि निसान चालवणारे जिम रिचर्ड्स व मार्क स्कैफ विजयी ठरले, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन्ही गट तिसऱ्याविरुद्ध एक झाले.

पुढे २०१६ मध्ये फोर्डने आणि २०१७ मध्ये टोयोटा व होल्डनने ऑस्ट्रेलियातले मोटार उत्पादन बंद केले. फेब्रुवारी २०२० मध्ये जनरल मोटर्सने होल्डन हे नावच मोडीत काढण्याची घोषणा केली. पिढ्यान्‌पिढ्या या नावासाठी भांडलेल्या कुटुंबांना कुणी विचारले नाही. निष्ठा एकतर्फी असते, हा धडा त्या देशाने फार महागात घेतला. आज तिथली चढाओढ टोयोटा हायलक्स आणि फोर्ड रेंजर यांच्यात आहे. २०१६ ते २०२२ हायलक्स सर्वाधिक खपाची गाडी होती, २०२३ मध्ये रेंजरने तो मान घेतला. दोन्ही गाड्या तिथे थायलंडमधून येतात.

गंजलेली चासी

डोळस निष्ठा कशी असते, हे टॅकोमाच्या चासीच्या प्रकरणातून शिकावे. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. खारे पाणी चासीच्या पोकळ भागांत शिरते, तिथेच साचते आणि पोलाद आतून खाते. जुन्या टॅकोमांच्या चासीला गंजरोधक लेप पुरेसा नव्हता. वरून इंजिन ठणठणीत आणि खालून चासीला हाताचे बोट जाईल एवढी भोके, अशा गाड्या निघू लागल्या. मालक गाडीखाली झोपून हातोडीने चासी ठोकू लागले, फोटो काढू लागले, तक्रारी नोंदवू लागले. यातले बरेचसे लोक टोयोटाचे जुने भक्त होते, आणि आपल्या आवडत्या गाडीचा दोष त्यांनी लपवला नाही.

२००८ मध्ये टोयोटाने १९९५ ते २००० सालच्या टॅकोमांसाठी चासीची हमी १५ वर्षांपर्यंत वाढवली. फार गंजलेल्या गाड्या कंपनी बाजारभावाच्या दीडपट देऊन परत घेऊ लागली. नंतरच्या वर्षांच्या टॅकोमा आणि आणखी दोन मॉडेलांबाबत सामूहिक दावा झाला. २०१६ च्या तडजोडीत सुमारे १५ लाख गाड्या आल्या आणि तिचे संभाव्य मोल ३४० कोटी डॉलरपर्यंत सांगितले गेले. कंपनीने हात झटकले नाहीत, म्हणून अनेकांचा विश्वास टिकला. पण कंपनीला जागे करण्याचे काम मालकांनी केले होते. दोष दिसताच झाकणारा भक्त कंपनीला सुस्त करतो, दोष दाखवणारा तिला सुधारतो.

आपल्या मातीतली पिकअप

महाराष्ट्रात पिकअप म्हटले की लासलगावचा कांदा, नाशिकची द्राक्षे, रत्नागिरीचा आंबा आणि मासळी डोळ्यांपुढे येते. इथे गाडी हप्त्यावर घेतलेली असते आणि एक दिवस उभी राहिली तर घरखर्चाला खीळ बसते. म्हणून इथली निष्ठा आधी विचारते: तालुक्याच्या गावी मेकॅनिक आहे का, भाग संध्याकाळपर्यंत मिळेल का, चढाला दम धरते का? महिंद्राच्या पिकअपला ग्रामीण भागात जे स्थान मिळाले ते या प्रश्नांच्या उत्तरांतून मिळाले.

याच कंपनीने अमेरिकेच्या अंगणातही पाय ठेवून पाहिला. २०१० च्या सुमारास तिची डिझेल पिकअप अमेरिकेत विकायची तयारी झाली होती, डीलर नेमले गेले होते, पण तिथल्या भागीदाराशी करार मोडला आणि गाडी आलीच नाही. २०१८ मध्ये कंपनीने ‘रॉक्सर’ हे फक्त आडवाटेवर चालवायचे वाहन तिथे आणले. त्याचा चेहरा जुन्या जीपचा होता, कारण स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांपासून महिंद्रा मुंबईत परवान्याने विलीज जीप जोडत आली होती. जीपच्या मालक कंपनीने व्यापार आयोगाकडे धाव घेतली. २०२० मध्ये निकाल महिंद्राविरुद्ध गेला आणि तिला रॉक्सरचा चेहरा बदलावा लागला. मात्र दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात तिच्या पिकअप विकल्या जातात, आणि १५ ऑगस्ट २०२३ रोजी केप टाउनमध्ये कंपनीने नव्या जागतिक पिकअपचा नमुना दाखवला.

प्रतिस्पर्ध्याचे ऋण

आता या गटाच्या इतिहासातली एक पोकळी पाहा. २०११ मध्ये डॉज डकोटा आणि फोर्ड रेंजर अमेरिकेत बंद झाल्या, २०१२ मध्ये कोलोराडोही. मैदानात टॅकोमा, फ्रंटियर आणि थोड्या खपाची रिजलाइन एवढ्याच उरल्या. त्या काळात काय घडले? टॅकोमाची २००५ ची पिढी २०१५ पर्यंत ओढली गेली. फ्रंटियरची २००५ ची बांधणी तर २०२१ पर्यंत चालली. मग २०१५ मध्ये कोलोराडो नव्या रूपात परतली आणि पुढच्याच मॉडेल-वर्षी नवी टॅकोमा आली. २०१९ मध्ये रेंजर परतली, पाठोपाठ ग्लॅडिएटर आली. २०२४ च्या टॅकोमात मागे ड्रमऐवजी डिस्क ब्रेक आले, बऱ्याच प्रकारांत पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आले, हायब्रिड इंजिनही मिळाले. फ्रंटियरलाही २०२२ मध्ये नवे रूप लाभले. टॅकोमावाल्याच्या गाडीतल्या सुधारणांमागे ज्यांच्यावर तो वर्षानुवर्षे टीका करतो त्या कोलोराडो आणि रेंजरचा दबाव होता, आणि तेच उलट बाजूनेही खरे आहे.

म्हणून मला पिकअपवाल्यांच्या निष्ठेबद्दल आदर वाटतो आणि वैराबद्दल काळजी. निष्ठेतून चांगल्या गोष्टी निघतात: चिखलात रुतलेल्या अनोळखी माणसाला दोरखंड लावून बाहेर काढणे, नव्या मालकाला आपले अनुभव शिकवणे, गाडी वीस वर्षे जपून वापरणे. या सवयींना बोधचिन्हाची अट नाही. आपली गाडी घेताना दुसरीही मनापासून चालवून पाहावी, घेतल्यावर तिचे दोष मोकळेपणाने सांगावेत, आणि दुसऱ्या कंपनीने काही चांगले केले तर आपल्या कंपनीकडे तेच मागावे. ताजफेलच्या प्रयोगातल्या मुलांनी फरकापायी आपला फायदा सोडला. पिकअपचा मालक सुजाण ग्राहक आहे, त्याने तो सोडू नये. मालक एकमेकांशी भांडत बसले की कारखाने निर्धास्त होतात. मालकांनी एकमेकांकडून शिकून नेमके प्रश्न विचारले, तर कारखान्यांना एकमेकांशी झुंजावे लागते, आणि त्या झुंजीचे फळ प्रत्येक चिन्हाच्या मालकाला मिळते.